आमच्या दारातला थांबा

माझं काम कुणाला समजावून सांगायचं म्हटलं की माझा आवाज चढतो. लग्नात, बारशात कुणीतरी विचारतंच, "तू नेमकं करतेस काय?" मी म्हणते, बसच्या वेळापत्रकातल्या चुका शोधते. मग समोरचा हसतो. "त्यात शोधायचं काय? सगळंच चुकलेलं असतं." हा विनोद इतक्यांदा ऐकलाय की हल्ली तो मीच आधी करून टाकते.

खरं काम असं. फोनवरच्या नकाशात बसची वेळ दिसायची, तर गावोगावच्या गाड्यांची माहिती एका ठरलेल्या साच्यात भरावी लागते. कुठला थांबा कुठे आहे, तिथे गाडी कधी येते, कधी निघते. ही माहिती माणसं भरतात, म्हणजे चुका आल्याच. त्या पकडायला मी एक प्रोग्रॅम लिहिला आहे. गाडी निघायच्या आधीच पोचली तर तो ओरडतो. दोन गावांमधलं अंतर तिनं विमानाच्या वेगानं कापलं तरी ओरडतो. एकदा कुणीतरी अक्षांशाच्या जागी रेखांश टाकले, तर वणीचं बसस्थानक थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जाऊन पडलं. मे महिन्यात वणीकरांनी ही चूक आनंदानं कबूल केली असती, पण प्रोग्रॅमला विनोद कळत नाही. त्याचं मला तेच आवडतं. तो कुणाचं तोंड बघून बोलत नाही.

आधी मी नागपुरात राहून हे करायचे. आई गेली, बाबा एकटे पडले, तेव्हा लॅपटॉप उचलून गावी आले. आमचं गाव झरी जामणीकडून वणीला येणाऱ्या रस्त्यावर. बाबा नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना अजून साहेब म्हणतं, आणि मला साहेबाची पोरगी. माझे केस पिकायला लागले तरी मी पोरगीच. तक्रार नाही, पण बाजारात भाव करायची सोय राहत नाही.

योगायोगानं आमच्याच भागातल्या गाड्यांचं काम माझ्याकडे आलं. हल्ली गाड्यांमध्ये एक यंत्र बसवलेलं असतं, गाडी कधी कुठे होती याची नोंद ते ठेवतं. छापील वेळापत्रक एका बाजूला, ही खरी नोंद दुसऱ्या बाजूला, आणि मधे माझा प्रोग्रॅम फरक शोधत बसलेला. जंगलाच्या कडेच्या शेवटच्या गावात रात्री मुक्काम करून पहाटे वणीकडे निघणारी एक गाडी आहे. तिच्यावर तो सारखा ओरडायला लागला. गाडी वेळेवर निघते, वाटेतले थांबे वेळेवर घेते, आणि मग मधल्याच एका ठिकाणी चांगली दहा मिनिटं उभी राहते. रोज. तिथे स्थानक नाही, चौक नाही, रेल्वेचं फाटक नाही. ही दहा मिनिटं पुढे भरून निघत नाहीत, आणि गाडी वणीत शिरते तेव्हा मारेगावची गाडी नुकतीच सुटलेली असते. त्यानंतरची पार तासाभरानं. वेळापत्रकावर दोन्ही गाड्या एकमेकींची छान वाट बघतात. रस्त्यावर त्यांची कधी भेटच होत नाही.

माझं डोकं तापलं. पहाटेच्या गाडीत कोण बसतं हे मला ठाऊक होतं. मजूर, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, कॉलेजच्या मुली. त्यांची गाडी चुकते आणि ड्रायव्हर-कंडक्टर बिड्या ओढत बसतात, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. ज्यांनी काम दिलं होतं त्यांना शेरा लिहायला घेतला, की चालक आणि वाहक मधल्या एका जागी रोज विनाकारण वेळ घालवतात. 'विनाकारण' हा शब्द मी जोरानं टाइप केला, एवढं आठवतं. पाठवण्याआधी जागा नकाशावर एकदा मोठी करून बघायची माझी सवय आहे. बघितली. पत्र्याचं छप्पर, विहीर, बदामाचं झाड, आणि फाटकासमोर गाडीचा लाल ठिपका. फाटक आमचं होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका दाट असेल असं वाटलं नव्हतं. कारण त्या दहा मिनिटांचा चहा रोज सकाळी मी स्वतः करत होते.

हा चहा जुना आहे. मी शाळेत असताना ती गाडी फक्त आमच्या गावापर्यंत यायची. पलीकडच्या खेड्यांना आणि कोलाम आदिवासींच्या पोडांना, म्हणजे त्यांच्या वस्त्यांना, गाडी नव्हती. बाबांनी तहसीलमध्ये बसून फाइल हलवली, पाठपुरावा केला, आणि गाडी पार शेवटच्या गावापर्यंत नेली. पहिल्या दिवशी ती परत येताना आमच्या फाटकाशी थांबवून नारळ फोडला, हार घातला, आणि ड्रायव्हर-कंडक्टरला आईनं चहा दिला. दुसऱ्या दिवशीही ते थांबले. साहेबाच्या दारावरून तसंच कसं जायचं? आईनं पुन्हा चहा टाकला. मग ते कधी थांबलंच नाही. माणसं बदलली, गाड्या बदलल्या, चहा तोच. बदलून येणाऱ्या नव्या ड्रायव्हरला जुना ड्रायव्हर रस्त्यातल्या वळणांसोबत आमचा चहाही समजावून देत असणार. आईनंतर तो मी करू लागले. सकाळी पातेलं चढवायचं, बाबा ट्रे घेऊन बाहेर जायचे, आणि मी आंघोळीला. 'गाडी आली' ही आमच्या घरात वेळ सांगायची रीत होती. ती किती वेळ उभी असते हे मी कधी बघितलंच नव्हतं, जिचं पोट गाड्यांच्या वेळा बघण्यावर चालतं तिनं.

शेरा पुसला. मग जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. गाडी किती मिनिटं थांबली तर ओरडायचं, ही मर्यादा प्रोग्रॅममध्ये मीच ठरवलेली आहे. ती थोडी वाढवून बघितली. एका आकड्याचा बदल. प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि सगळीकडे हिरव्या खुणा आल्या. आमचं फाटक नकाशावरून पुसलं गेलं. कुणाला कळलं नसतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आले होते. आकडा परत होता तसा केला, पण मर्यादा सरकवायला माझे हात किती पटकन गेले हे काही परत करता आलं नाही.

म्हटलं, गाडीतून जाऊन बघू. बाबांना सांगितलं, थांबे तपासायला चालले, शेवटच्या गावात ओळखीच्या शिक्षिकेकडे राहीन. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिथून गाडीत बसले. दोन-तीन थांब्यांनंतर एका पोडाच्या वाटेवर एक मुलगी चढली आणि माझ्या शेजारी बसली. पांढरा कोट घडी करून मांडीवर. मारेगावकडे नर्सिंग शिकते म्हणाली. बोलकी होती. मी फोनवर खुणा करतेय हे बघून विचारलं, "ताई, तुमी गाडीचा टाइम लिहून राह्यल्या काय?"

"हो."

"मंग वणीचा बी लिहा. थ्याच्यातच माहं वाटोळं होऊन राह्यलं." आणि तिनं सांगितलं. मारेगावची गाडी चुकली की ती तासभर उशिरा पोचते. उशीर झाला की अर्धीच हजेरी. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, आणि वर्ष वाया गेलं तर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत. "कॉलेजच्या मॅडमले सांगतलं, गाडी उशिरा येते. तं म्हणते, गाडी सगळ्यायलेच उशिरा येते, मंग तूच काहून उशिरा येते?"

मी विचारलं, माहीत असून विचारलं, "गाडीला उशीर का होतो?"

"साहेबाचा चहा असते नं."

मागच्या सीटवरच्या बाई हसल्या. "ड्रायव्हरले शुगर हाय. बिचारा गोड चहा पेते, अन् मंग वणीले जाऊन गोळी घेते."

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणं वेगळं दिसलं असतं. पाहुण्यांचा चहा गोड असावा म्हणून साखर मुद्दाम जास्त टाकणारी मीच होते.

"साहेबांना कुणी काही म्हणत नाही?"

मुलीनं माझ्याकडे नवल करून बघितलं. "कायले म्हणन? साहेबानंच तं गाडी आणली. माही आजी पायी जाये वणीले. साहेब नसते तं मी शिकलीच नसती." मग तिला वाटलं आता आपण विचारावं. "तुमी कोठच्या, ताई?"

"वणीची," मी म्हणाले.

आमचं गाव आलं तेव्हा मी स्कार्फ तोंडावरून बांधून घेतला. धूळ होती, ते निमित्त चाललं. गाडी थांबली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे होते, मी नव्हते म्हणून चहा त्यांनीच केलेला. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला. बाबा त्यांना बिस्किटं पुढे करत होते, पोरांची विचारपूस करत होते. खिडकीतून कुणी नमस्कार केला की मान वर करून नाव घेऊन विचारत होते, गुडघा कसा आहे, नातू कसा आहे. आई गेल्यापासून मी त्यांना एवढं आनंदात पाहिलं नव्हतं. आणि माझ्या शेजारची मुलगी कोट छातीशी धरून दारापाशी जाऊन उभी राहिली होती. ती उतरली नाही, बोलली नाही, नुसती उभी राहिली. दोघं मला एकाच नजरेत दिसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वणीत मारेगावची गाडी स्थानकाच्या बाहेर वळत होती. मुलगी ओरडत मागे धावली. मग थांबली, आणि माझ्याकडे बघून हसत हात हलवला. 'बघा, सांगितलं होतं ना,' असा.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. नीट, शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण माझा आवाज तो माझा आवाज.

"मी चहा देतो," बाबा म्हणाले. "चोरी करत नाही. कुणी तक्रार केली?"

"कुणीच नाही. तेच तर."

"मग तुझ्या मशीनला काय त्रास आहे?"

"मशीनला नाही बाबा. एका मुलीचं वर्ष जाणार आहे."

बाबा म्हणाले, "मग तिनं मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही खुर्चीत होतात तेव्हा साहेबाला कोण काय सांगायचं?" मी म्हणाले. हे म्हणायला नको होतं असं वाटलं, आणि म्हणायलाच हवं होतं असंही. बाबांनी त्या दिवशी अर्ध्या पोळीवरच हात धुतला.

दुसऱ्या दिवशी चहा केला नाही. गाडी आली, थांबली, हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. आम्ही दोघं आत, चोरासारखे. शेवटी कंडक्टर बाहेर चपला काढून दारात आला. "साहेब, तब्येत बरी हाय नं? का आमचं काई चुकलं?" त्याच्या मागे दोन प्रवासीही उतरून आले होते. बाबांनी सांगितलं की उशीर होतो, उद्यापासून थांबू नका. कंडक्टर हसला. "अशे कशे साहेब? तुमच्या दारून तसंच जाणं बरं दिसते काय?" बाबा समजावत राहिले, तो मान डोलवत राहिला, गाडीतली माणसं खिडक्यांमधून काळजीनं बघत राहिली. दुपारी मी नोंद पाहिली. त्या दिवशीइतका वेळ गाडी आमच्या दारात आधी कधीच थांबली नव्हती.

पुढे बरेच दिवस हे चाललं. बाबा रोज रस्त्यावर जाऊन उभे राहत, हात हलवून 'चला, चला' म्हणत, शेतातली पाखरं हाकलावीत तसे. ड्रायव्हर तरी वेग कमी करायचा, नमस्कार करायचा, दोन शब्द व्हायचे. हळूहळू ते दोन शब्दही गेले. नकाशावरचा लाल ठिपका बारीक होत होत गेला, आणि एक दिवस प्रोग्रॅम त्या गाडीवर ओरडला नाही. मर्यादा न बदलता आलेली हिरवी खूण. मी बाबांना बोलावून दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली, आणि म्हणाले, "म्हणजे आता इथे थांबा नाही." मी म्हटलं, नाही. ते अंगणात जाऊन बसले.

मला वाटलं होतं, संपलं. पण हजेरी काही मागे जाऊन भरत नाही.

परीक्षा जवळ आल्या तेव्हा एका रविवारी दुपारी ती मुलगी आमच्या घरी आली. चपला तिनं पार फाटकाबाहेर काढल्या. मी दार उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मागे खुर्चीत बसलेल्या बाबांकडे बघितलं, आणि तिला सगळं समजलं. वणीची म्हणून सांगणारी मी. मान माझी खाली जायला हवी होती. गेली तिची. "ताई, त्या दिशी गाडीत मी काईबाई बोलली," ती हळूच म्हणाली. "मनावर नका घेऊ." आत ये, एवढंच मी म्हणाले.

ती खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच बाबांना सांगितलं, हजेरी थोडी कमी पडते, मॅडम ऐकत नाहीत. "साहेब, तुमी मॅडमले एक फोन कराल काय? तुमच्या शब्दाले वजन हाय."

"काय सांगू त्यांना?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

ती जराशी अडखळली. तिनं आधीच विचार करून ठेवला होता, हे दिसत होतं. "रस्ता खराब हाय म्हणून गाडी उशिरा येते, असं सांगा."

"रस्ता चांगला आहे, बेटा."

"थे मॅडमले कोठं माहीत हाय?" ती म्हणाली, आणि आमच्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिली.

आमची अब्रू वाचवायला ती आम्हाला खोटं सुचवत होती. हे मला कळलं, बाबांनाही कळलं. बाबांनी तिच्याकडून नंबर घेतला आणि फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. नाव सांगताच पलीकडून "नमस्कार साहेब, बोला ना" असा अगत्याचा आवाज आला. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"मॅडम, या मुलीला उशीर व्हायचा तो माझ्यामुळे. गाडी माझ्या दारात थांबायची. मी चहा पाजायचो. कित्येक वर्षं. तिची काही चूक नाही."

पलीकडून हसू ऐकू आलं. "साहेब, हा तुमचा मोठेपणा. पोरीसाठी दोष अंगावर घेता. तुम्ही फोन केलात, बस्स झालं. बसवते मी तिला परीक्षेला."

"अहो, नाही, हे खरंच आहे, मी—"

"साहेब, झालं म्हणून समजा. तब्येतीला जपा." फोन बंद झाला.

तिनं वर्षभर सांगितलेलं खरं त्या मॅडमना पटलं नव्हतं. बाबांनी सांगितलेलं खरंही पटलं नाही, पण त्यांचा नुसता आवाज पुरला. ज्या मोठेपणानं गाडी दारात उभी राहायची, त्याच मोठेपणानं मुलीचं काम झालं, आणि दोन्ही वेळा आम्हाला घरातून हलावंही लागलं नाही.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाकून बाबांच्या पाया पडायला गेली. बाबा मागे सरले, इतके की खुर्चीला धडकून बसते झाले, आणि पाय त्यांनी खुर्चीखाली ओढून घेतले. तिला वाटलं, साहेब नम्रपणानं नको म्हणताहेत. तिनं पुढे होऊन खुर्चीच्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"साहेब, तुमचे लय उपकार झाले माह्यावर."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तू सांग हिला, असं ते बघणं होतं. कुठल्याही गोष्टीवर जिचा आवाज चढतो अशी मी. पाणी आणते म्हणून मी आत गेले, आणि ती जाईपर्यंत बाहेर आले नाही.